नाकामुरा की नाकाता? लोकप्रियता कोणाची, कुठली आणि कधीची

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. शुनसुके नाकामुरा या जपानी फुटबॉलपटूने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मारलेली फ्री किक तुम्ही पाहिलीत आणि तुम्हाला ती फार आवडली. तो ज्या सेल्टिक क्लबकडून खेळायचा, त्या क्लबच्या ग्लासगो या स्कॉटिश शहरातले लोक आजही त्याच्याविषयी किती जिव्हाळ्याने बोलतात ते वाचलेत. मग ऑफिसमधल्या जपानी सहकाऱ्याजवळ त्याचे नाव काढलेत, तर तो म्हणाला, "चांगलाच होता, पण आमच्याकडचा खरा स्टार म्हणजे हिदेतोशी नाकाता." इन्स्टाग्रामवर पाहिलेत तर तिथे ताकेफुसा कुबो आणि काओरू मितोमा या आजच्या जपानी खेळाडूंचीच चलती. आता तुम्हाला जाणून घ्यायचे आहे की नाकामुरा नेमका किती लोकप्रिय होता, आणि हे तिघे तीन गोष्टी का सांगतात.

खेळाडूंची लोकप्रियता मोजणे हा माझा व्यवसाय आहे. जाहिरातदार, क्लब आणि सामने दाखवणाऱ्या कंपन्या आमच्याकडे येतात आणि विचारतात, अमुक खेळाडूला करारबद्ध केले तर लोक त्याला ओळखतील का, त्याच्यासाठी तिकीट काढतील का, त्याने दाखवलेली वस्तू घेतील का. जपानी खेळाडूंवर मी बरेच काम केले आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

थेट उत्तर असे. जपानमधल्या सर्वसामान्य माणसाला, म्हणजे जो फक्त विश्वचषकाच्या वेळी फुटबॉल पाहतो त्याला, नाकाता जास्त ठाऊक होता. जपानमधला जो माणूस दर आठवड्याला फुटबॉल पाहतो, त्याच्या मनात नाकामुराची जागा निदान तितकीच मोठी आहे, आणि माझ्या अंदाजाने अधिक आपुलकीची. ग्लासगोत तर तुलनाच नाही, तिथे नाकामुरा. इटलीत नाकाता. तुमचा सहकारीही बरोबर आहे आणि ग्लासगोचे चाहतेही. ते दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत, इतकेच.

वेगवेगळ्या म्हणजे कोणत्या, ते आमच्या कामाच्या पद्धतीवरून सांगतो. आम्ही लोकांना आधी कुठलेच नाव न सुचवता विचारतो, "जपानी फुटबॉलपटू म्हटले की कोण आठवते?" ज्याचे नाव आपोआप ओठावर येते, त्याची ओळख पक्की. मग चेहरे दाखवून विचारतो. इथे पुष्कळ नावे वर येतात, कारण चेहरा जाहिरातीतून डोळ्यांत बसलेला असतो, मग त्या माणसाने काय केले हे ठाऊक असो वा नसो. आणि तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: "या खेळाडूसाठी तुम्ही आजवर काय केलेत?" कोणी सामन्याला दूरच्या गावी गेलेला असतो, कोणी पहाटे उठून परदेशातला सामना पाहिलेला असतो, कोणी क्लब बदलल्यावर नवी जर्सी घेतलेली असते. पहिल्या दोन प्रश्नांतून प्रसिद्धी कळते, तिसऱ्यातून माया कळते. या दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतातच असे नाही, आणि नाकाता-नाकामुरा ही जोडी त्याचे फार चांगले उदाहरण आहे.

आधी नाकाताची गोष्ट पाहू, कारण त्याच्या प्रसिद्धीचे गणित जास्त स्पष्ट आहे. जपानची व्यावसायिक जे लीग १५ मे १९९३ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोहा इथे इराकने शेवटच्या क्षणी २-२ अशी बरोबरी साधली आणि जपानचा १९९४ च्या विश्वचषकाचा रस्ता बंद झाला. सारा देश हळहळला. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, मलेशियातल्या जोहोर बारू इथे जपानने इराणला ३-२ असे हरवले आणि पहिल्यांदा विश्वचषकात पाऊल ठेवले. त्या रात्री मिडफिल्डमधून सामन्याची सूत्रे हलवणारा विशीतला पोरगा म्हणजे नाकाता. १९९८ चा विश्वचषक संपताच तो इटलीत पेरुजा क्लबकडे गेला आणि पहिल्याच लीग सामन्यात युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले. पेरुजा तो सामना ३-४ असा हरला, पण जपानमध्ये त्या दोन गोलांचीच चर्चा झाली. जपानी पर्यटकांचे जथे पेरुजाच्या मैदानाकडे वळू लागले.

त्या काळी इटलीची लीग जगात सर्वांत कठीण मानली जायची. नाकाताच्या आधी काझुयोशी मिऊरा १९९४ साली जेनोआकडून तिथे खेळून आला होता, पण एका हंगामात एकच गोल करून परतला. नाकाता टिकला. २००० साली तो रोमाकडे गेला. तिथे त्याच्या जागेवर साक्षात फ्रान्चेस्को टोट्टी खेळत होता, त्यामुळे तो बहुतेक वेळ बाकावर असायचा. पण मे २००१ मध्ये युव्हेंटसच्या मैदानावर रोमा ०-२ अशी मागे असताना टोट्टीच्या जागी तो आत आला, दुरून एक जबरदस्त गोल मारला, आणि अखेरच्या क्षणी त्याचाच फटका गोलरक्षकाच्या हातून निसटल्यावर मोंतेल्लाने बरोबरी साधली. रोमाने त्या वर्षी विजेतेपद मिळवले, त्यात या अर्ध्या तासाचा वाटा मोठा आहे. विजेत्या इटालियन संघात एक जपानी माणूस आहे, हे वाक्य फुटबॉलचे नियम ठाऊक नसलेल्या आजीबाईंनाही कळत होते. प्रसिद्धीला असे सोपे वाक्य लागते.

आता नाकामुरा. त्याच्याविषयी असे एका ओळीचे वाक्य नाही, आणि माझ्या मते इथेच तुमच्या प्रश्नाची किल्ली आहे.

तो १९७८ चा, योकोहामाचा. योकोहामा मारिनोसच्या लहान मुलांच्या संघात वाढला, पण पुढच्या वयोगटात त्याला घेतले नाही. अंगाने किरकोळ होता. मग शाळेच्या संघातून खेळून त्याने १९९७ साली त्याच क्लबच्या मुख्य संघात जागा मिळवली. २००० साली तो जे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी जपानने आशियाई चषक जिंकला, त्या संघातही तो होता. पुढचा विश्वचषक जपान आणि कोरियात होणार होता. तो त्या संघात असणार, असेच सगळे धरून चालले होते.

मे २००२ मध्ये फ्रेंच प्रशिक्षक फिलिप त्रूसिएने संघ जाहीर केला आणि त्यात नाकामुरा नव्हता.

या एका निर्णयाने पुढच्या वीस वर्षांच्या लोकप्रियतेचे वाटप ठरवले, असे मी जबाबदारीने म्हणतो. ९ जून २००२ रोजी जपानने रशियाला १-० असे हरवले. विश्वचषकातला जपानचा तो पहिलाच विजय. तोक्यो आणि आसपासच्या कांतो भागात त्या सामन्याचा टीव्ही प्रेक्षकवर्ग ६६.१ टक्के नोंदला गेला. क्रीडाप्रक्षेपणाच्या जपानी इतिहासातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी हा एक आहे. त्या संध्याकाळी ज्या खेळाडूंचे चेहरे पडद्यावर होते, ते घराघरांत कायमचे ओळखीचे झाले. गोल मारणारा जुनिची इनामोतो, चेहऱ्यावर काळा मुखवटा लावून खेळणारा त्सुनेयासु मियामोतो, मिडफिल्डमध्ये नाकाता. आणि सामना कुठे होता? योकोहामाच्या आंतरराष्ट्रीय स्टेडियमवर, म्हणजे नाकामुराच्या स्वतःच्या क्लबच्या मैदानावर. देशाने फुटबॉलपटूंचे चेहरे पाठ केले त्या रात्री, त्याच्याच गावात, तो मैदानावर नव्हता.

मी सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा पाहिले आहे की त्या स्पर्धेपुरता फुटबॉल पाहिलेली माणसे पुढे अनेक वर्षे त्याच संघातली नावे सांगतात. तुमचा सहकारी त्यांच्यातला असेल तर त्याच्या तोंडी नाकाता येणे अगदी साहजिक आहे.

पण नियमित फुटबॉल पाहणाऱ्या लोकांवर त्या वगळण्याचा उलट परिणाम झाला. त्यांना तो अन्याय वाटला, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला लोक अधिक जवळ करतात. मिऊराच्या बाबतीतही हेच घडले होते. १९९८ च्या विश्वचषकाआधी प्रशिक्षक ताकेशी ओकादाने ऐनवेळी त्याला वगळले, आणि त्यानंतर 'किंग काझू', म्हणजे हाच मिऊरा, लोकांच्या मनात अधिकच घट्ट बसला. जपानी चाहत्यांशी बोलताना नाकामुराचा विषय निघाला की २००२ चा उल्लेख मी न विचारता येतो. आणि तो सांगताना आवाज अजून दुखावलेला असतो.

त्यानंतर नाकामुरा इटलीत रेजिना या छोट्या क्लबकडे गेला. तिथे त्याने तीन हंगाम काढले, बहुतेक वेळ पहिल्या श्रेणीत टिकून राहण्याची लढाई. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २००४ मध्ये मात्र चीनमध्ये झालेल्या आशियाई चषकात नाकाता दुखापतीमुळे नव्हता, जपानने तो चषक पुन्हा जिंकला आणि नाकामुरा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. देशाच्या संघाचा १० क्रमांक त्याच्या पाठीवर होता आणि नाकाताच्या पाठीवर ७. जपानमध्ये १० क्रमांकाला फार मान आहे, हा तपशील तिथल्या चाहत्यांना महत्त्वाचा वाटतो.

मग २००५ साली सेल्टिक. तुम्ही पाहिलेली फ्री किक २१ नोव्हेंबर २००६ ची, सेल्टिक पार्कवरची. ८१ वे मिनिट, ०-० अशी बरोबरी, गोलापासून तीसेक यार्डांचे अंतर, समोर युनायटेडचा गोलरक्षक व्हॅन डेर सार. डाव्या पायाने मारलेला चेंडू भिंतीवरून जाऊन वरच्या कोपऱ्यात शिरला. शेवटी शेवटी सेल्टिकचा गोलरक्षक बोरुचने युनायटेडच्या साहाची पेनल्टी अडवली आणि सेल्टिक पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोहोचला. त्याच मोसमात सप्टेंबरमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरही त्याने फ्री किकवर गोल केला होता, पण तो सामना सेल्टिक २-३ असा हरला. एप्रिल २००७ मध्ये किलमारनॉकविरुद्ध सामना संपता संपता मारलेल्या फ्री किकने लीगचे विजेतेपद पक्के झाले. त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या खेळाडूंनीही आणि पत्रकारांनीही त्यालाच सर्वोत्तम ठरवले. एप्रिल २००८ मध्ये ग्लासगोतलाच कट्टर प्रतिस्पर्धी क्लब रेंजर्सविरुद्ध त्याने दुरून गोल केला, सेल्टिकने तो सामना २-१ असा जिंकला, आणि हातातून निसटत चाललेली लीग त्या वर्षीही घरी आली. तीन सलग विजेतेपदे.

इथे थोडे थांबतो, कारण खेळाडूवर गावाची माया कशी जडते याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याकडे नाही. सेल्टिकच्या चाहत्यांसाठी तीन गोष्टी सर्वांत वर असतात: लीग जिंकणे, रेंजर्सला हरवणे, आणि युरोपातल्या श्रीमंत क्लबाला आपल्या मैदानावर वाकवणे. नाकामुराने तिन्ही केल्या आणि तिन्हींच्या निर्णायक क्षणी चेंडू त्याच्याच पायाशी होता. शिवाय हे सगळे एकाच तऱ्हेने झाले, त्या डाव्या पायाच्या वळणाने, त्यामुळे आठवण एकाच चित्रात बसते. तो वेगवान नव्हता, धिप्पाड नव्हता, इंग्रजी बेताची. त्या लीगच्या धसमुसळ्या खेळात तो टिकेल का, अशी शंका सुरुवातीला होती. ती शंका त्याने खेळून मोडली. लोकांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलेले असे मोडणे ते विसरत नाहीत.

आणि हा जिव्हाळा पुढच्यांना वारशात मिळतो. २०२१ मध्ये क्योगो फुरुहाशी सेल्टिकमध्ये आला, मागोमाग दाइझेन माएदा आणि रेओ हाताते आले. नवख्या क्लबात जपानी खेळाडूला जी ओळख कमवावी लागते, ती तिथे काही अंशी आधीच जमा होती. क्योगोचे उदाहरण तर तुमच्या प्रश्नाला फारच लागू पडते. २०२२-२३ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २७ गोल केले, स्कॉटलंडचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि गाव त्याच्यावर फिदा झाले. पण २०२२ च्या विश्वचषकासाठी जपानने त्याला निवडलेच नव्हते. तोक्योत कोणाला थांबवून विचाराल तर त्याचे नाव फार मागे येईल. ज्या वर्षी तो ग्लासगोत शिखरावर होता, त्याच वर्षी आपल्या देशात तो मितोमाच्या पासंगालाही नव्हता. त्या विश्वचषकात स्पेनविरुद्धच्या सामन्यात रेषेवरून मिलिमीटरच्या अंतराने वाचवलेला मितोमाचा तो चेंडू साऱ्या जपानने पाहिला. क्योगोचे गोल स्कॉटलंडने पाहिले.

आपल्याकडचेही असे उदाहरण आहे. अराता इझुमी. जपानमधल्या शिमोनोसेकी शहरात जन्मलेला, आई जपानी, वडील भारतीय. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मग पुणे एफसीकडून. २०१२ मध्ये त्याने भारताचे नागरिकत्व घेतले आणि २०१३ मध्ये भारताच्या संघातून खेळला. बालेवाडीला सामने पाहायला जाणाऱ्या पुणेकरांना त्याचे नाव सांगावे लागत नाही. जपानमधल्या नियमित फुटबॉल पाहणाऱ्या माणसाला मात्र त्याचे नाव ठाऊक असेलच असे नाही. तसाच कात्सुमी युसा. मुंबईत ओएनजीसीकडून खेळून तो मोहन बागानला गेला आणि २०१४-१५ ची आय-लीग जिंकणाऱ्या संघात होता. कोलकात्यात तो घरातला, जपानमध्ये जवळपास अनोळखी. या दोघांना 'कमी लोकप्रिय' म्हणणे मला चुकीचे वाटते. त्यांची लोकप्रियता एका गावापुरती होती आणि त्या गावात ती पूर्ण होती.

आता इन्स्टाग्रामबद्दल. तिथल्या आकड्यांवरून या चौघांची तुलना करू नका. नाकाता २००६ मध्ये २९ व्या वर्षी निवृत्त झाला, इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले. नाकामुराचा ग्लासगोतला बहराचा काळही त्याआधीचाच. कुबो आणि मितोमा यांची सगळी कारकीर्द फोनच्या पडद्यावर घडली आहे. शिवाय अनुयायांमध्ये कोण आहे हे पाहावे लागते. कुबो बार्सिलोनाच्या अकादमीत वाढला, रेआल माद्रिदने त्याला घेतले, स्पॅनिश तो सहज बोलतो, त्यामुळे त्याच्या अनुयायांत स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतले कितीतरी लोक असणार. त्या आकड्यावरून जपानमध्ये तो किती आवडतो हे कळत नाही. शोधयंत्रावर नाव किती वेळा टाकले गेले यावरून कुतूहल कळते. दुखापत झाली, लग्न झाले, क्लब बदलला, की तो आलेख वर जातो.

जर्सीच्या विक्रीबद्दलही सावध राहा. जपानी खेळाडू घेतला की जर्सी विकून त्याची किंमत वसूल होते, हे वाक्य युरोपात सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा विक्रीतला मोठा वाटा जर्सी बनवणाऱ्या कंपनीकडे जातो, क्लबच्या हाती थोडे येते. शिवाय जपानमधल्या पर्यटकाने आठवण म्हणून घेतलेली एक जर्सी आणि ग्लासगोतल्या पोराने तीन वर्षे अंगातून न काढलेली एक जर्सी, विक्रीच्या वहीत दोन्ही सारख्याच दिसतात. मी ग्राहकांना नेहमी सांगतो की एकदा विकत घेणारे मोजू नका, दुसऱ्यांदा घेणारे मोजा.

टीव्हीचा आकडाही खेळाडूचा नसतो, सामन्याचा असतो. ते ६६.१ टक्के ना इनामोतोचे होते ना नाकाताचे. ते घरच्या विश्वचषकाचे होते. त्याच स्पर्धेत इंग्लंडच्या डेव्हिड बेकहॅमसारखे केस कापून घ्यायला जपानी तरुणांनी रांगा लावल्या, आणि तुर्कस्तानच्या इल्हान मानसिझवर जपानी तरुणी इतक्या भाळल्या की २००४ मध्ये व्हिस्सेल कोबे क्लबने त्याला करारबद्ध केले. तो जेमतेम काही सामने खेळून परत गेला. प्रसिद्धीवरून मायेचा अंदाज बांधला की काय होते, ते आमच्या क्षेत्रात या उदाहरणावरून शिकवावे इतके ते बोलके आहे.

स्वभावाचा भागही सांगायला हवा. नाकाताचे जपानी पत्रकारांशी कधी फारसे पटले नाही. तो मुलाखती टाळायचा आणि जे सांगायचे ते स्वतःच्या संकेतस्थळावर लिहायचा, तेही अशा काळात जेव्हा खेळाडूंचे स्वतःचे संकेतस्थळ ही नवलाईच होती. त्यामुळे त्याच्याभोवती एक वलय तयार झाले, आणि अंतरही. २००६ च्या विश्वचषकात ब्राझीलकडून १-४ असे हरल्यावर तो मैदानाच्या मध्यावर पाठ टेकून कितीतरी वेळ पडून राहिला, आणि थोड्याच दिवसांत निवृत्त झाला. पुढे तो जगभर फिरला, जपानी हस्तकला आणि साके यांच्या प्रसारात रमला. फुटबॉलपासून दूर गेला, तरी त्याची प्रसिद्धी कमी झाली नाही, कारण ती फुटबॉलच्या बाहेरच्या लोकांत होतीच.

नाकामुरा मात्र खेळतच राहिला. शाळेपासून तो सामन्यांविषयी, स्वतःच्या चुकांविषयी वहीत लिहीत आला आहे, आणि जपानमधल्या शाळकरी खेळाडूंना त्याच्या फ्री किकइतकीच ती वही ठाऊक आहे. २०१० मध्ये तो योकोहामाला परतला. त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्याची जागा केइसुके होंडाने घेतली, आणि सर्वसामान्य प्रेक्षकाच्या मनातला चेहराही तेव्हापासून होंडाचा झाला. पण २०१३ साली, ३५ व्या वर्षी, नाकामुरा दुसऱ्यांदा जे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान दोनदा मिळवणारा तो पहिलाच. त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी मारिनोस कावासाकीकडून हरले, विजेतेपद हिरोशिमाकडे गेले, आणि तो मैदानावर गुडघ्यांवर कोसळून रडला. योकोहामाच्या माणसाला नाकामुराविषयी विचाराल तर तो मँचेस्टरची फ्री किक सांगेल, पण त्या दिवसाविषयी जास्त वेळ बोलेल. पुढे इवाता, मग योकोहामा एफसी. तिथे सप्टेंबर २०२० मध्ये ५३ वर्षांचा मिऊरा आणि ४२ वर्षांचा नाकामुरा एकाच सामन्यात सुरुवातीच्या अकरांत उतरले. २०२२ मध्ये नाकामुरा थांबला. तोवर त्याला लहानपणी पाहिलेल्या मुलांची मुले स्टेडियममध्ये आली होती.

अशी पाव शतकभराची हजेरी मायेसाठी फार मोलाची असते. आमच्या तिसऱ्या प्रश्नाला, "त्याच्यासाठी तुम्ही काय केलेत?" या प्रश्नाला, नाकामुराच्या चाहत्यांकडे लांबलचक उत्तरे असतात. नाकाताच्या चाहत्यांची उत्तरे बहुधा १९९८ ते २००२ याच काळातली असतात, आणि टीव्हीसमोर घडलेली.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती मान्य करायला हवी. नाकामुरा २००२ च्या संघात असता, रशियाविरुद्ध एखादी फ्री किक आत गेली असती, तर हे सगळे वर्णन उलटे झाले असते का? प्रसिद्धीपुरते कदाचित झाले असते. मायेविषयी मला शंका आहे. वगळल्यानंतर त्याने जे कमावले, त्यातला बराच भाग त्या वगळण्यामुळेच लोकांनी इतक्या आस्थेने पाहिला.

आणि दोघांच्याही वर एक छत आहे, त्याची आठवण असू द्या. जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल लीग १९३६ पासून आहे, फुटबॉलची १९९३ पासून. इचिरो सुझुकी किंवा आजचा शोहेइ ओतानी यांच्याशी तुलना केली तर नाकाता, नाकामुरा, होंडा, कुबो सगळेच खाली येतात. म्हणून "जपानमध्ये सर्वांत लोकप्रिय" असे कोणत्याही फुटबॉलपटूबद्दल वाचलेत तर ते फुटबॉलपुरते आहे असे समजा.

तुमच्या वादाचा निकाल हवा असेल तर प्रश्न नीट बांधून घ्या. वर्ष ठरवा, जागा ठरवा, आणि कोणाला विचारायचे ते ठरवा. २००२ चे जपान आणि सर्वसामान्य प्रेक्षक: नाकाता, निर्विवाद. २००७ चे ग्लासगो: नाकामुरा, निर्विवाद. २०१३ चे योकोहामा: नाकामुरा. २००१ चे रोम: नाकाता, टोट्टीच्या बऱ्याच मागे. आजची विशीतली जपानी मुले: दोघेही नव्हेत, मितोमा आणि कुबो. आणि "आयुष्यात एकदा कोणाची फ्री किक मैदानावर बसून पाहायला आवडली असती?" असे जपानी फुटबॉलवेड्यांना विचाराल, तर नाकामुराशिवाय दुसरे नाव क्वचितच ऐकू येईल.

सहकाऱ्याला आणखी एक विचारून पाहा: २००२ मध्ये तो किती वर्षांचा होता, आणि गाव कोणते. तो तेव्हा शाळेत असेल आणि तोक्योत वाढला असेल, तर त्याचे उत्तर नाकाता येणारच. योकोहामाचा निघाला, आणि तरीही नाकाताच म्हणाला, तर मला जरूर कळवा. त्याच्याशी बोलायला मला खरेच आवडेल.